नाव कोणत्या काठाला

महालक्ष्म्या उठल्या, मुखवटे कोठीत गेले, आणि दुपार कलताना सगळं घर नदीवर लोटलं. नवी नाव निवडायची होती. पण निघाले मात्र सगळे सोयरिकीला निघावं तसे. मोहनराव पाटलांनी ठेवणीतला पटका बांधला होता. धाकट्या धर्मराजनं हैद्राबादेहून आणलेले बूट चढवले होते आणि चिखल चुकवत तो बगळ्यासारखा पाय उचलत चालला होता. थोरल्या जाऊबाई वत्सलाबाईंच्या हाती पानाचा डबा, धाकट्या सावित्रीच्या हाती पाण्याचा तांब्या. आणि सगळ्यांच्या मागे, डोक्यावर रिकाम्या पोत्यांची चळत घेऊन, या दोघा भावांची बहीण बायनाबाई.

"पोती घे गं बायने," मोहनरावदादा निघताना म्हणाला होता. "काठावर वाळू भरू. वजन घालून बघाया लागंल."

बायनाबाई आली होती ती महालक्ष्म्यांसाठी. म्हणजे महालक्ष्म्यांच्या सोळा भाज्यांसाठी. निवडणं, चिरणं, फोडण्या देणं, पुरण वाटणं, हे सगळं तिच्या हातचं. नैवेद्याचं ताट उचलायची वेळ आली की मात्र वत्सलाबाई ते हळूच तिच्या हातून काढून घेत आणि म्हणत, "वन्सं, तुमी चुलीकडं बघा." बायनाबाई चुलीकडं बघायची. चुलीकडं बघायला तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. तिचा जन्मच त्यात चालला होता.

त्याचं असं झालं होतं. आजोबांच्या काळात गंगेनं, म्हणजे याच नदीनं, कूस पालटली. जमीन जागची हलली नाही, गंगाच मध्ये शिरली, आणि घराची सगळ्यात काळी, सगळ्यात पिकाऊ, गाळाची मळी एका पावसाळ्यात पल्याड जाऊन पडली. पल्याडच्या गावातले लोक तिच्यावर टपून बसले. महसुलाचा गिरदावर घोड्यावरून केव्हाही यायचा आणि एकच गोष्ट विचारायचा, इथं चूल कुणाची? ज्याची चूल, त्याची वहिवाट. मग घरातलं एक माणूस तिकडे ठेवायचं ठरलं. आधी आजोबांचा भाऊ राहिला, मग एक चुलता राहिला. चुलता गेला त्याच साली बायनाबाई मोकळ्या कपाळानं माहेरी आली, आणि दादा म्हणाला, "चार म्हैने जातीस का पल्याड? तुझंबी मन रमंल." ते चार महिने अजून संपायचे होते. तिच्या केसांत पांढरं शिरलं, तरी ते चालूच होते.

रोज सकाळी अल्याडच्या घाटावरून घरातलं कुणीतरी पल्याड बघायचं. झोपडीवर धूर दिसला की म्हणायचं, चला, मळी शाबूत हाय. उन्हाळ्यात उतार पडायचा, मग ती पायी ये-जा करायची. पावसाळ्यात घरची जुनी नाव असायची. यंदा आषाढाच्या पुरात ती नाव खडकावर आपटून फुटली, आणि श्रावणभर बायनाबाई एकटी पल्याड. त्यात तिला ताप भरला. चूल पेटवायलाही उठता येईना. तिसऱ्या दिवशी सिदू भोई आपला जुना टोकरा घेऊन आला. टोकरा म्हणजे बांबूची भली मोठी गोल पाटी, बाहेरून म्हशीचं कातडं चढवलेलं. सिदूनं आल्या आल्या चूल पेटवली. तिला पेज करून पाजली. "धूर दिसंना म्हून पाटलांनी धाडलं," म्हणाला.

"दादा काय म्हणला?"

सिदूनं मान खाजवली. "म्हणला, चूल पेटवून ये."

"आन् मी?"

"तसं काय न्हाई म्हणला. म्हणायचं राह्यलं असंल, बाई."

महालक्ष्म्यांना सिदूनंच तिला त्या टोकऱ्यातून अल्याड आणलं, पण ती तापाची गोष्ट तिनं सणाच्या तीन दिवसांत कुणाजवळ काढली नाही. आज मात्र नावा बघायला निघालेलं ते लटांबर पाहून तिला एकच प्रश्न पडला. नाव कुणासाठी घेतात? ज्याला पल्याड जायचं-यायचं असतं त्याच्यासाठी. आणि या घरात पल्याड जाणारं-येणारं माणूस होतं तरी किती? एक ती.

*

घाटाखाली नदीला मोठा वाक होता. तिथं पाणी भरलेलं असलं तरी सुस्त असायचं, जेवून आडवं झालेल्या माणसासारखं. तिथं तीन नावा लागल्या होत्या. खालच्या गावाहून एक दिवसासाठी मागून आणलेली फळ्यांची मोठी नाव, सपाट बुडाची. तिच्याशेजारी एकाच खोडातून कोरलेला लांबडा डोंगा. आणि जरा बाजूला, वाळूवर उपडा घातलेला सिदूचा नवा टोकरा.

सिदू हात जोडून उभा होता. तो मोठा मिठ्ठास माणूस. ज्याच्या तोंडाकडं बघेल त्याची नाव त्याला चांगली वाटायची.

"नाव म्हंजे हीच," मोहनराव मोठ्या नावेच्या काठावर थाप मारत म्हणाले. "गाडी चढती, बैल चढत्यात. कापूस भरायचा आन् थेट जालन्याच्या वाटंला लागायचं."

"बराबर हाय पाटील," सिदू म्हणाला. "नाव म्हंजे हीच."

"दादा, जमाना बदलला," धर्मराज म्हणाला. "हैद्राबादेत मी हुसेनसागरावर गेलतो. तिथं साहेब लोकांच्या नावा बघितल्या. पांढऱ्या शिडाच्या, अशा झुळझुळीत. याट म्हणतात त्याला. वाऱ्यावर चालते, माणूस लागत नाही. थंडीत बदकांच्या शिकारीला तहशिलदारसाहेब इकडं येतात. त्यांना तसल्या नावेत, खुर्चीवर बसवून फिरवलं तर उद्या आपल्या दरखास्तीला कोण नाही म्हणेल?"

"बराबर हाय धाकटे मालक," सिदू म्हणाला. "वाऱ्यावर लई सुखाची."

"आन् त्या साहेबांच्या नावा जातात कुठं?" वत्सलाबाईंनी पानाला चुना लावत विचारलं.

"कुठं म्हणजे? कुठं नाही. तळ्यात एक फेरा मारतात आन् परत येतात."

"कुठंच जात न्हाईत?"

"हौस असते, वैनी."

"मग निघतात कावून?"

घाटावर जमलेल्या बघ्यांत हसू पिकलं. बायनाबाई मात्र हसली नाही. तिला ती पांढरी नाव दिसली, तळ्याच्या मधोमध, आणि तिच्यात बसलेला एक एकटा साहेब. निघतो, फिरतो आणि निघाला तिथंच येतो. त्याच्या घरचे त्याला कुठल्या काठावरून बघत असतील, असंही तिच्या मनात आलं.

"बायने, कुठं ध्यान हाय तुझं? पोती भर," दादा म्हणाला. "आन् तूबी बस. माणसाचं वजन पायजे."

ती बसली. मोठ्या नावेत, वाळूच्या पोत्यांच्या रांगेत, पोत्यांसारखीच. पलीकडे घरचा ढवळ्या बैल चढवला होता. तो नाक फेंदारून पाण्याकडे बघत होता आणि थरथरत होता. सात-आठ गडी लांब बांबू घेऊन दोन्ही अंगाला उभे राहिले आणि हेऽ हेऽ करत नाव लोटू लागले. नाव निघाली खरी. म्हैस डबक्यातून उठते तशी निघाली, आणि तशीच परत आली.

"बघितलं? हाललीसुदिक न्हाई," मोहनराव खूश झाले.

"दादा, एवढे गडी रोज कुठून आणायचे?" बायनाबाईनं नावेतूनच विचारलं.

"रोज कशाला? बाजाराच्या दिशी सुटंल नाव. न्हाईतर हाप्त्यानं."

हप्त्यानं. तिच्या तापाला हप्त्याची वाट बघायला लागली असती. पण तोवर दादा ढवळ्याची पाठ थोपटू लागला होता. "भ्यालास काय रे? आँ? भ्यालास?" असं तो बैलाला इतक्या मायेनं विचारत होता, की बायनाबाईनं तोंड फिरवलं.

मग डोंग्याची पाळी. धर्मराजनं घरून आपलं नवंकोरं धोतर आणलं होतं. डोंग्यात मधोमध बांबू रोवला, त्याला धोतर ताणून बांधलं आणि स्वतः पुढं बसला. खुर्ची काही डोंग्यात मावेना, म्हणून पाट ठेवला.

"अक्का, तू मागं बस. तोल सांभाळायला."

"मला याचं काय कळतंय धर्मा?"

"तुला काय करायचं नाही. बसायचं फक्त."

बसायचं फक्त. ते तिला चांगलं येत होतं. डोंगा काठापासून सुटला, वाऱ्याची एक झुळूक आली, धोतर टरारून फुगलं, आणि खरंच, अंगावर काटा येईल असा डोंगा सरकला. धर्मराजचा चेहरा लहानपणी पतंग चढल्यावर व्हायचा तसा झाला. "दादा, बघ, बघ," तो ओरडला. बायनाबाईलाही क्षणभर हुरूप आला. तिला वाटलं, असंच सरळ जावं, काठ लागूच नये.

दुसरी झुळूक आडवी आली. धोतर एका अंगाला कललं, त्यामागे डोंगा कलला, आणि पाट, बूट, धर्मराज, बायनाबाई सगळे गंगेत.

बायनाबाईला पोहता येत होतं. पल्याड राहून कुणालाही आलं असतं. तिनं गटांगळ्या खाणाऱ्या भावाला दंडाला धरून काठाला आणलं. काठावर एकच गलका झाला. "धाकट्या मालकाला धरा." "घड्याळ भिजलं का बघा." "बूट, बूट चालला." मोहनराव धावले, गडी धावले, वत्सलाबाई पाण्यापासून हातभर लांब उभ्या राहून कपाळाला हात लावू लागल्या. त्यांचं माहेर लिंबागणेशचं. एवढं मोठं पाणी त्यांनी लग्नानंतरच पाहिलं, आणि नावेत पाय तर त्यांनी आजवर घातलाच नव्हता.

बायनाबाई एकटीच एका दगडावर बसून लुगडं पिळत होती. तेवढ्यात कुणीतरी तिच्या खांद्यावर कोरडी घोंगडी टाकली. सावित्री होती. घोंगडी तिनं नवऱ्यासाठी मागून आणली असणार, कारण धर्मराज तिकडून हात पुढं करून बघत होता.

"इकडं आण की ती," तो म्हणाला.

"आणते दुसरी," सावित्री म्हणाली, आणि गेली नाही. बायनाबाईच्या शेजारी उभीच राहिली. मग हळूच म्हणाली, "अक्का, धोतर फुगलं तवा कसं वाटलं हो?"

बायनाबाईनं तिच्याकडं वर पाहिलं. या घरात येऊन सावित्रीला बरीच वर्षं झाली होती. कूस उजवली नव्हती. घरात माणसं उदंड होती, पण ही पोर कायम दाराच्या चौकटीला टेकून उभी असल्यासारखी दिसायची, आतही नाही, बाहेरही नाही. तिनं आजवर बायनाबाईला इतका साधा प्रश्न कधी विचारला नव्हता. दुसऱ्या कुणीही विचारला नव्हता.

"बरं वाटलं," बायनाबाई म्हणाली. "लई बरं वाटलं."

*

टोकऱ्याकडं कुणी बघायलाच तयार नव्हतं.

"चामड्यात बसायचं?" वत्सलाबाई म्हणाल्या. "आत्ता तर महालक्ष्म्या उठल्यात. घरात पाय ठेवायच्या आधी आंघोळ करावी लागंल."

"पाटलाच्या घरची माणसं कातड्यात बसून आली म्हणतील," धर्मराज दात वाजवत म्हणाला. "आन् दिसतो तरी कसा. परातीवाणी."

"टोकरा काय, गोरगरिबाचं काम हाय ते," सिदूनंही मान डोलवली. तो टोकरा त्यानं स्वतःच विणला होता, पण मालकांच्या पुढं जायचं म्हणजे काय.

"आणलाय तर बघू तरी," मोहनराव म्हणाले. "बायना बसंल. तिला काय."

तिला काय. या दोन शब्दांत तिचं सगळं आयुष्य मावत होतं, पोत्यात वाळू मावावी तसं. विधवेला काय, पल्याड राहणारीला काय. तिला विटाळ नाही, अब्रू नाही, खुर्ची नाही. ती उठली. सिदूनं टोकरा सुलटा करून पाण्यात लोटला, एक आखूड वल्हं तिच्या हाती दिलं, आणि ती आत बसली.

टोकरा फिरला. तिनं वल्हं डावीकडं मारलं, तो उजवीकडं गरगरला. उजवीकडं मारलं, तो डावीकडं. घाट, देऊळ, दादा, वैनी, पल्याडची झोपडी, पुन्हा घाट, पुन्हा देऊळ. बघ्यांची हसून मुरकुंडी वळली. "जात्यात पडली रं बाई," कुणीतरी म्हणालं. बघ्यांतल्या बबनराव तलाठ्यानं तर पैज लावली की ती पोळीसारखी लाटून निघेल.

"बाजूला मारू नगा बाई," सिदू ओरडला. "फुडं. टोकऱ्याच्या नाकाफुडं वल्हं घाला आन् पाणी आपल्याकडं वढा. दही घुसळल्यावाणी."

टोकऱ्याला नाक कुठलं? पण तिनं जिकडं जायचं तिकडं तोंड केलं आणि तेच नाक मानलं. वल्हं पुढं घातलं, पाणी ओढलं. टोकरा थबकला. पुन्हा ओढलं. तो लाजत लाजत पुढं सरकला. मग परत एकदा गरगरला, मग परत सरळ झाला. बघ्यांचं हसू हळूहळू विरलं, कारण सरळ जाणाऱ्या माणसाला किती वेळ हसणार? ती वाकाच्या मध्यापर्यंत गेली. तिथं तिनं वल्हं थांबवलं. टोकरा थांबला. वल्हं हलवलं, टोकरा हलला. इतकी साधी गोष्ट, पण तिनं ती पुन्हा एकदा करून बघितली. आजवर ती नावेत बसली होती. आज पहिल्यांदा नाव तिनं चालवली होती.

परत येताना तिनं काठाकडं पाहिलं. तिच्याकडं कुणी बघत नव्हतं. दोघे भाऊ मोठ्या नावेजवळ डोकी जोडून उभे होते.

"ठरलं," ती काठाला लागताच मोहनराव म्हणाले. मघापासून एकमेकांच्या उरावर बसणारे दोघे आता एका पाटावर बसल्यासारखे गोडीत आले होते. "मोठीच नाव करायची. धर्मा म्हणतो तसं मधी एक छत आन् खुर्ची. बैलबी जातील, साहेबबी जाईल. बाभळीचं लाकूड घरचंच हाय."

"तरकीब चांगली हाय," धर्मराज म्हणाला. "खर्चाचा इंतजाम मी बघतो."

"नाव म्हंजे हीच," सिदू म्हणाला.

बायनाबाई टोकऱ्यातून उतरली नाही. वल्हं मांडीवर आडवं ठेवून तशीच बसून म्हणाली, "दादा, ती नाव बांधायची कुठल्या काठाला?"

"आँ?"

"रातच्याला नाव कुठं ऱ्हाणार? ह्या काठाला का त्या?"

मोहनराव धर्मराजकडं बघू लागले. धर्मराज आपल्या उरलेल्या एका बुटाकडं.

"ह्याच काठाला," मोहनराव म्हणाले. "घर इथं, गडी इथं. नाव का तिकडं बांधायची?"

"तुला बैल न्यायचेत, म्हून मोठी नाव. धर्माला साहेब न्यायचाय, म्हून खुर्ची. मला काय न्यायचंय ते कुणी इचारलं का?"

"तुला काय न्यायचंय?" दादा खरोखरच गोंधळला. "तुझं दाणापाणी तर आमी पोचवतोच की."

"मला काय न्यायचं न्हाई. मला फकस्त मला आणायचंय. हा टोकरा मला एकटीला चालतो. ह्यो पल्याड बांधा, माझ्याकडं."

पाणी खळखळलं, मोठी नाव दोराला करकरली.

"अक्का," धर्मराज समजुतीच्या सुरात म्हणाला, "तिकडं चोर हायत. एका रात्रीत लंपास करतील. आन् तू एकटी बाई, पुरात निघालीस आन् काही झालं तर लोक आमालाच नावं ठेवतील."

"श्रावणात काही झालं असतं तर?"

"श्रावणात काय झालतं?"

तिनं दादाकडं पाहिलं. दादा पटक्याचा शेव खांद्यावर नीट करत होता. तो घरात बोललाच नव्हता तर. सिदूला पाठवलं, चूल पेटली, विषय संपला.

"ताप आलता मला," ती म्हणाली. "तुमी बैलाला इचारलंत, भ्यालास का म्हून. मला तेबी न्हाई."

"खरं सांगू का वन्सं?" वत्सलाबाई पिंक टाकून म्हणाल्या, आणि सगळे त्यांच्याकडं वळले. "हे दोघं नुसते गोल गोल फिरत्यात, त्या टोकऱ्यावाणी. नाव तुमच्याकडं दिली की तुमी उद्या इकडं याल. आला की ऱ्हाल. म्हनाल, पाय दुखतो, डोळ्याला दिसंना. तुमी ऱ्हायलात की मळीवर धूर कोण करायचा? मी जाऊ? मला तर पाण्याकडं बघूनच घेरी येती. म्हून नाव ह्या काठाला."

"अगं काय बोलतीस," मोहनराव पुटपुटले. पण 'खोटं आहे' असं ते म्हणाले नाहीत.

बायनाबाईला राग यायला हवा होता. आला नाही. उलट, इतक्या वर्षांत या काठावरून तिच्यापर्यंत पोचलेलं हे पहिलंच सरळ बोलणं होतं. वैनीशी ती जन्मभर भांडली होती, आणि आज तीच एकटी तिच्याशी माणसाशी बोलावं तसं बोलली होती.

"मी जाईन की," मागून आवाज आला.

सावित्री तांब्या कमरेवर घेऊन उभी होती. "पाळीपाळीनं. चार म्हैने अक्का, चार म्हैने मी."

"तुला कुणी इचारलं?" धर्मराज म्हणाला.

"कुणीच न्हाई. म्हून तर बोलले."

"गप घरी चल. पाटलाची सून मळीवर एकटी राहिली तर तोंड काळं व्हईल माझं."

"पाटलाची लेक ऱ्हाती ती?"

वत्सलाबाईंनी जावेकडं असं पाहिलं, जणू चौकटीला टेकवलेली काठी बोलू लागली होती. "आन् घरचा रगाडा मी एकटीनं वढू व्हय?" त्या म्हणाल्या, आणि बघता बघता तिघंही सावित्रीवर तुटून पडले. मघाचे शत्रू आता मित्र झाले होते. नुकत्याच खरं बोललेल्या वत्सलाबाईही त्यांच्या फळीत जाऊन उभ्या राहिल्या होत्या.

"बास," मोहनरावांनी हात वर केला. "नाव ह्या काठालाच ऱ्हाईल. झालं. बायने, उतर. ह्या नावंला सांजंच्या आत खाली पोचवायचंय, त्याच वाटंत तुला पल्याड सोडत्यात."

"माझं गाठोडं दे गं सावित्री," बायनाबाई म्हणाली.

सावित्रीनं घाटाच्या पायरीवरचं गाठोडं उचललं आणि मोठ्या नावेकडं न जाता टोकऱ्याकडं आली. तिनं ते आत ठेवलं. देताना तिचा हात क्षणभर बायनाबाईच्या हातावर राहिला, गार आणि ओला.

"सिदू," बायनाबाई म्हणाली, "हा टोकरा कुणाचा?"

सिदूनं पाटलांकडं पाहिलं, धाकट्या मालकांकडं पाहिलं, मग नाइलाजानं तिच्याकडं. "आजून तर माझाच हाय, बाई."

"पल्याड माझी जवारी उभी राहील. काढणीला ये. तुझ्या पोरांना पुरंल एवढी घेऊन जा."

"तुझी?" मोहनराव म्हणाले. "मळी घरची हाय."

"मळी घरची. पेरणार मी, राखणार मी, पाखरं हाकणार मी. तर जवारी कुणाची?" ती शांतपणे म्हणाली. "तुमची मोठी नाव तुमी करा, दादा. बैल न्या, साहेब न्या. तुमच्या गरजंला ती चांगली हाय. माझ्या गरजंला ह्यो."

सिदूनं आयुष्यात पहिल्यांदा कुणाच्याही तोंडाकडं न बघता टोकरा लोटला. की तो त्याच्या पायाच्या धक्क्यानं आपोआप सुटला, कुणास ठाऊक. नंतर विचारल्यावर तो दोन्ही सांगायचा, समोर कोण आहे ते बघून.

मोहनराव गुडघाभर पाण्यात आले. "बायने, टोकरा परत कोण आणील?"

"मीच."

"कधी?"

"यायचं वाटलं तर."

ती पाणी ओढू लागली. टोकरा एकदा गरगरला, आणि त्या गिरकीत तिला सगळे एकदम दिसले. गुडघाभर पाण्यातला दादा, घोंगडीशिवाय कुडकुडणारा धर्मा, डबा बंद करणारी वैनी. मग टोकऱ्याचं नाक पल्याड वळलं. कुणी हसलं नाही.

"सांभाळून जाय गं," दादाचा आवाज आला, जरा चिरकलेला. हे तो नाव फुटायच्या आधी कधी म्हणाला होता का, ते तिला आठवेना. आज म्हणाला, कारण आज ती आपल्या मनानं जात होती.

मध्यावर प्रवाहानं टोकरा खाली ओढला. ती घाबरली नाही. हे पाणी तिनं वर्षानुवर्षं दुसरं काही बघायला नव्हतं म्हणून बघितलं होतं. ते कुठं रागावतं, कुठं विसावतं, हे तिला भावांच्या स्वभावापेक्षा चांगलं ठाऊक होतं. तिनं त्याला ओढू दिलं आणि वाकाच्या शेवटी, जिथं ते आपणहून काठाकडं झुकतं, तिथं वल्हं घातलं. टोकरा मळीच्या चिखलाला घासला. ती उतरली, त्याला वर ओढून आणला, आणि दोर बाभळीच्या बुंध्याला बांधला. गाठ तिनं दोनदा ओढून बघितली. या काठाला तिनं आजवर शेळी बांधली होती, कुत्रं बांधलं होतं. नाव कधी नाही.

मग तिनं मागे वळून पाहिलं.

मोठी नाव खाली निघाली होती. काठावरची माणसं मुंग्यांएवढी झाली होती आणि घाट चढत होती. पटका दिसला, तो देवळामागे गेला. मग बाकीचे गेले. रिकामी पोती कुणी नेली नव्हती, ती वाळूवर तशीच पडली होती. आता वैनी चूल पेटवतील, उरलेलं पुरण वाटतील, धर्माला आल्याचा काढा देतील, आणि आजचा दिवस सगळे मिळून पुन्हा पुन्हा सांगतील. हसतीलही. त्या हसण्यात तिची जागा ठरलेली होती आणि ती तिथं नव्हती.

खाली, पाण्याजवळ, एक माणूस मात्र राहिलं होतं. सावित्री. ती वाळूवर बसली होती. तिनं हात वर केला की पदर सावरला, ते एवढ्या लांबून कळेना. बायनाबाईनंही हात वर केला आणि मग तिलाही कळेना, तो तिथून दिसला असेल का. हाक मारावी तर आवाज मधल्या पाण्यानं गिळला असता. म्हणून तीही बसली. दोघी दोन काठांवर, समोरासमोर, बराच वेळ.

इतकी वर्षं बायनाबाई म्हणायची, नाव असती तर गेले असते. आता नाव होती. आणि तिच्या लक्षात आलं की कुणाकडं जायचं, हे तिनं कधी ठरवलंच नव्हतं.

सावित्री एकदम लगबगीनं उठली. तिला वरून कुणीतरी हाक मारली असणार. तांब्या उचलून ती घाट चढून गेली, आणि अल्याडचा, म्हणजे आता पल्याडचा काठ, सगळा मोकळा झाला.

बायनाबाई उठली नाही. तिला कुणी हाक मारली नव्हती, आणि मारावी म्हणून आज ती थांबलीही नव्हती. ती टोकऱ्याला पाठ टेकून बसून राहिली. कातडं अजून ओलं होतं आणि त्याला नदीचा वास येत होता.